एक कॅन, एक गोळी, अर्धा तास: पुरातल्या पिण्याच्या पाण्यासाठी घेतलेल्या वस्तूंचा अनुभव

आमच्या जिन्याखाली वीस लिटरचे सहा पांढरे कॅन आहेत. उन्हाळाभर ते जुन्या चादरीखाली पडून असतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी ते बाहेर काढते, धुते, प्रत्येकाची तोटी फिरवून बघते आणि वाळवून परत जागेवर लावते. शेजारच्या घरात नव्यानं आलेल्या सूनबाईनं परवा विचारलं, "सिस्टर, एवढं कशाला करताय? आता तर धरणातनं थेट पाइपलाइन आलीया की." उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं तिला सांगितलं. बाकीचं इथं लिहिते. या कॅनबरोबर मी आणखीही बऱ्याच वस्तू घेतल्या, वापरल्या, काही टाकून दिल्या. पूर येणाऱ्या गावात राहणाऱ्या एखाद्या घराचे पैसे यातून वाचतील आणि त्या घरातली पोटं बिघडायची टळतील, एवढ्यासाठीच.

मी कोल्हापूरची, शुक्रवार पेठेतली. एकतीस वर्षं आरोग्य सेविका म्हणून खेड्यांत काम केलं. विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकून घेणं, गावातल्या शेवटच्या नळाला क्लोरीन उरलंय का ते बघायची ओटी टेस्ट करणं, घरोघरी जाऊन माठात औषधाचे थेंब कसे टाकायचे ते शिकवणं, यात नोकरी गेली. आणि तरी 2019 च्या ऑगस्टमध्ये माझ्या स्वतःच्या घरात पिण्याच्या पाण्याची काही तजवीज नव्हती. गच्चीवर हजार लिटरची टाकी आणि ओट्याशेजारी भिंतीवर आरओ मशीन, यावर आम्ही निर्धास्त होतो.

त्या वर्षी पंचगंगा नदी राजाराम बंधाऱ्यावर 55 फूट 7 इंचांपर्यंत चढली. 39 फुटांना इशारा पातळी, 43 ला धोका पातळी, यावरून काय ते समजा. बाहेरगावचे नातेवाईक फोनवर विचारायचे, "अगं, सगळीकडं पाणीच आहे आणि प्यायला कसं नाही?" शहराचं पाणी नदीतून उचलायचं म्हणजे पंप नदीकाठालाच असणार. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी, सगळी उपसा केंद्रं काठावरची. पूर आला की मोटारी आणि पॅनेल पाण्याखाली जातात. नदी उतरली तरी लगेच नळ येत नाही. गाळ काढायचा, मोटारी वर घ्यायच्या, वाळवायच्या, तपासायच्या, परत बसवायच्या. तिकडं शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, त्यामुळं पुण्याकडून येणारं दूध, डिझेल, बाटलीबंद पाणी सगळं पलीकडंच अडकलेलं. दोन वर्षांनी, 2021 च्या जुलैत, पाणी 56 फूट 3 इंचांवर गेलं आणि तेच सगळं पुन्हा घडलं.

2019 मध्ये आमच्या पायरीला पाणी लागून थांबलं. दुधाळीतून धाकट्या दिरांचं कुटुंब आमच्याकडं आलं, म्हणजे घरात अकरा माणसं झाली. त्यात चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई आणि दिरांच्या मुलीचं सात महिन्यांचं बाळ. गच्चीवरची टाकी दोन दिवसांत तळाला गेली, कारण संडासाला तेच पाणी, भांड्यांना तेच आणि प्यायलाही तेच. वीज गेल्यावर आरओ मशीन बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना रक्तदाबाची गोळी द्यायला मी तांब्यात पाणी ओतलं, तर ते टाकीच्या तळातलं, तपकिरी झाक असलेलं. मी तो तांब्या तसाच धरून उभी राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांना "पाणी उकळून प्या, औषध टाकून प्या" म्हटलं होतं. त्या क्षणी घरात गॅस शेवटचा होता आणि औषधाची बाटली नव्हती.

म्हणून सगळ्यात आधी आरओ मशीनबद्दल. एरवीसाठी ते ठीक आहे. आमचं आजही चालू आहे आणि त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपत्तीसाठीची सोय म्हणून त्याच्याकडं बघू नका. त्याला वीज लागते, पाण्याचा दाब लागतो, आणि जेवढं पाणी गाळतं त्याच्याहून जास्त बऱ्याचदा फेकून देतं. पुरात या तिन्ही गोष्टी परवडत नाहीत.

आता कॅन. पूर ओसरल्यावर लक्ष्मीपुरीतल्या एका प्लॅस्टिकच्या दुकानातून आधी दोन घेतले, मग 2021 नंतर आणखी चार. पहिले दोन साडेतीनशेला एक पडले होते. जाड, दुधी पांढऱ्या रंगाचे, खाण्याच्या वस्तूंसाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकचे, वर मूठ, अरुंद तोंड आणि खाली तोटी. दुकानदार निळे ड्रम दाखवत होता. ते स्वस्त होते, पण त्यात आधी काय भरलेलं होतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. वापरलेला रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला घेऊ नये, यावर मी ठाम आहे.

अरुंद तोंडाचं महत्त्व मला नोकरीतच कळलं होतं. रुंद तोंडाच्या घागरीत, बादलीत माणूस तांब्या बुडवतो, त्याच्याबरोबर बोटं बुडतात. टँकरमधून चांगलं उतरलेलं पाणी घरात येऊन बिघडतं ते असं. तोटी असली की हात आत जायचा प्रश्नच येत नाही. घेताना तोटी तळापासून किती वर आहे तेवढं बघा. माझ्या पहिल्या दोन कॅनना ती दोन बोटं वर आहे, त्यामुळं खाली थोडं पाणी उरतं. सुरुवातीला मला ते वाया गेल्यासारखं वाटायचं. आता उलट बरं वाटतं, कारण बसलेला गाळ त्या दोन बोटांतच राहतो आणि पेल्यात येत नाही. तोटीचं रबरी वॉशर मात्र दोन-तीन वर्षांत कडक होतं. हार्डवेअरच्या दुकानात दहा रुपयांना मिळतं. चार जास्तीची आणून कॅनच्या मुठीलाच पिशवीत बांधून ठेवलीत.

अरुंद तोंडाचा तोटा एकच, आतून घासता येत नाही. त्यावर आमच्या आईच्या वेळचा उपाय चालतो. मूठभर जाडे तांदूळ आणि खडे मीठ आत टाकायचं, दोन तांबे पाणी घालायचं, झाकण लावून कॅन आडवा-उभा जोरात हलवायचा. तांदूळ कोपऱ्याकोपऱ्यात फिरून शेवाळ सोडवतात. मग दोनदा विसळून तोटीतूनही पाणी सोडायचं. तोटी विसरली की सगळं धुणं वाया.

वजनाचं आधी लक्षात घ्यायला हवं होतं. भरलेला कॅन वीस किलोच्या वर जातो. मला आता तो जिन्यावरून उचलवत नाही. घरात म्हातारी माणसंच असतील तर दहा लिटरचे घ्या, संख्या दुप्पट ठेवा.

कॅनच्या आधी मी घडी होणारी पाण्याची पिशवी मागवली होती, ऑनलाइन, वीस लिटरचीच. फोटोत छान दिसते, घडी करून कपाटात मावते. कंपनीचं नाव घेत नाही. पहिल्याच आठवड्यात तोटीजवळच्या जोडातून पाणी पाझरायला लागलं. भरलेली पिशवी उभी राहत नाही, कशाला तरी टेकवून ठेवावी लागते, आणि रात्री ती सरकून आडवी झाली की तोटी जमिनीवर दाबली जाते. प्लॅस्टिकचा वास तीन वेळा धुवूनही गेला नाही, सासूबाईंनी ते पाणी तोंडात घेऊन तसंच टाकून दिलं. प्रवासाला कदाचित चालेल. अकरा माणसांच्या घरात नाही.

आता या लेखातली सगळ्यात लहान आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची वस्तू, क्लोरीनची गोळी. औषधाच्या दुकानात ही विचारताना "पाणी शुद्धीकरणाची एनएडीसीसी गोळी" असं म्हणा. सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट हे तिचं पूर्ण नाव. मी वापरते ती 67 मिलिग्रॅमची, ॲक्वाटॅब नावाची. स्वच्छ दिसणाऱ्या वीस लिटर पाण्याला एक गोळी, गढूळ असेल तर दोन, आणि अर्धा तास थांबायचं. कॅन वीस लिटरचाच का घेतला ते आता कळलं असेल. पुरात माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं. बाळ रडत असतं, कुणाचा तरी फोन चालू असतो, अंधार असतो. त्या वेळी "किती लिटरला किती" हा हिशेब करायला लागू नये. मी प्रत्येक कॅनवर काळ्या मार्करनं लिहून ठेवलंय, "1 कॅन, 1 गोळी, अर्धा तास". नातू नववीत आहे, हे काम आता तोच करतो.

गोळी पट्टीतून काढली की पाण्यात टाकताच फसफसते आणि तळाला जाता जाता विरते. कॅन दोनदा हलवायचा. अर्ध्या तासानंतर तोटी उघडली की पोहण्याच्या तलावासारखा हलका वास येतो. पहिले दोन दिवस घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. मी पाणी रात्री तयार करून, सकाळी एका स्वच्छ तांब्यातून दुसऱ्यात दोन-तीनदा उंचावरून ओतून द्यायला लागले, तेव्हा वास बराच गेला. बाळासाठी मात्र तेच पाणी उकळून, निववून वापरलं.

गोळ्या विकत घेताना दोन गोष्टी बघाच. पट्टीवर मिलिग्रॅम किती आणि किती लिटरला एक, हे छापलेलं असतं. लहान आकाराच्या, कमी पाण्याच्या गोळ्याही मिळतात, त्या वीस लिटरला टाकल्या तर काहीच उपयोग नाही. आणि संपण्याची तारीख. मी पट्ट्या डब्यात, वरच्या कपाटात, लहान मुलांच्या हाताला न लागतील अशा ठेवते. 2021 मध्ये शेजारच्या एका आजोबांनी ही गोळी पोटात घ्यायची समजून तोंडाजवळ नेली होती. वेळेवर बघितलं म्हणून बरं. तुम्ही कुणाला वाटलीत तर नुसती हातात देऊ नका. समोर एक कॅन तयार करून दाखवा, मगच निघा.

गोळी मिळाली नाही तर मेडिक्लोरची, म्हणजे द्रव क्लोरीनची बाटली. आरोग्य केंद्रातून, आशाताईंकडून मिळते, आपल्याकडं सगळ्यांच्या ओळखीची आहे. स्वस्त आणि चांगली. द्रव क्लोरीनचं असं आहे की उघडल्यावर, उन्हात ठेवल्यावर त्याचा जोर उतरत जातो. गेल्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली यंदा भरवशाची नाही. म्हणून साठवणीला गोळी आणि लगेच वापरायला थेंब, असं मी करते.

पाणी गढूळ असेल तर क्लोरीनचा जोर त्या गाळावरच खर्ची पडतो आणि मातीच्या कणाआड लपलेले जंतू वाचतात. म्हणून आधी पाणी निवळून घ्यायला हवं. आमच्या घरी तुरटीचा खडा धाग्याला बांधून ठेवलेला असतो. बादलीत चार-पाच वेळा फिरवायचा, तासभर हात लावायचा नाही, मग वरचं पाणी सुती धोतराच्या चार पदरी फडक्यातून कॅनमध्ये घ्यायचं. जुनं, मऊ झालेलं कापड नव्यापेक्षा चांगलं गाळतं. 2021 मध्ये मदतीला आलेल्या काही मंडळींनी भुकटीच्या पुड्या दिल्या होत्या, चार ग्रॅमची एक पुडी दहा लिटरला. पाच मिनिटं ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा, कापडातून गाळून वीस मिनिटं थांबायचं. त्यात निवळणारं आणि जंतू मारणारं, दोन्ही एकत्र असतं. ढवळता ढवळता गढूळ पाण्यात लोकरीच्या तुकड्यांसारखे गठ्ठे जमतात आणि मध्ये काचेसारखं पाणी दिसायला लागतं. गल्लीतली पोरं बघायला गोळा झाली होती. वस्तू उत्तम. पण दुकानात सहज मिळत नाही, आणि ढवळायला एक, गाळायला एक, अशी भांडी लागतात.

मुलानं नंतर एक फिल्टर मागवला. पोकळ धाग्यांचा, बादलीला नळी लावून खाली लटकवायचा, वीज नको. 0.1 मायक्रॉनची छिद्रं. पाणी बघायला इतकं स्वच्छ येतं की मन खूश होतं, आणि जुलाबाचे जिवाणू, जंतांची अंडी तो अडवतो. तरीही मी त्याच्यावर एकट्यावर भरवसा ठेवत नाही. कावीळ करणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू 0.03 मायक्रॉनच्या आसपासचे, या छिद्रांतून ते आरामात पार होतात. आमच्या जिल्ह्यात इचलकरंजीत 2012 साली काविळीची जी साथ आली ती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. गरोदर बायकांना ही ई कावीळ जिवावर बेतणारी असते. त्यामुळं फिल्टर ठेवायचा असेल तर ठेवा, त्याच्यानंतर कॅनमध्ये गोळी टाकाच. विषाणूही अडवतील असे 0.02 मायक्रॉनचे फिल्टर मिळतात, ते महाग आहेत. आमचा फिल्टर दुसऱ्या वर्षी चोंदला. सोबत आलेल्या पिचकारीनं उलटं पाणी मारून थोडा सुटला, पण धार पहिल्यासारखी नाही. पैसे मोजकेच असतील तर हे सोडून द्या आणि त्या पैशात दोन कॅन जास्त घ्या.

जारचं पाणी याच रांगेतलं. थंड पाण्याचे जार 2021 च्या पुराच्या दिवसांत दुप्पट-तिप्पट भावानं विकले गेले. आरओ केलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळं जार उघडून त्यात पेला बुडाला की पुढं त्या पाण्याला राखण उरत नाही. मी जारचं पाणीही कॅनमध्ये ओतून गोळी टाकूनच वापरलं. विकत आणलेल्या पाण्यात औषध टाकते म्हणून दीर नाराज झाले होते. पण अकरा जणांत कुणालाही जुलाब झाले नाहीत, आणि गल्लीत त्याच आठवड्यात तीन घरांत सलाईन लागली.

पाणी बरोबर तयार झालं की नाही हे कळायला मी क्लोरोस्कोप घरात ठेवलाय. लहान डबी, आत काचेची नळी, औषधाची बाटली आणि पिवळ्या रंगाच्या छटा. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि लगेच बघायचं. हळदीचं बोट बुडवल्यासारखा फिका पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. काहीच रंग आला नाही तर ते पाणी तसं पिऊ नका. हल्ली गुलाबी रंग येणारे डीपीडी संचही मिळतात. पिवळ्या रंगाच्या टेस्टचं, म्हणजे ओटीचं औषध हाताला लागू देण्यासारखं नसतं, तेव्हा नवीन घेणाऱ्यांनी गुलाबी रंगाचं घ्यावं. टेस्ट झालेलं पाणी मोरीत ओतायचं, परत भांड्यात नाही. प्रत्येक घरात हे असावं असं मी म्हणत नाही. गल्लीत एक, अपार्टमेंटमध्ये एक, एवढं तरी असावं.

हा संच घेऊन मी टँकरपाशी उभी राहिले, त्याची गोष्ट सांगायला हवी. 2019 च्या पुरात सहाव्या दिवशी एक खासगी टँकर आमच्या कोपऱ्यावर आला. कुणाचा, ते लिहीत नाही. तो बिचारा रात्रभर फेऱ्या मारत होता, त्याचा हेतू चांगलाच होता. रांगेत साठ-सत्तर माणसं. चालकानं जाड पाइप सोडला आणि त्याचं तोंड रस्त्यावरच्या चिखलात पडलं. त्याच चिखलातून तो उचलून पहिल्या घागरीत घातला. रस्त्यावरचा तो चिखल म्हणजे गटार आणि नदी एक झालेलं पाणी. मी पुढं होऊन म्हटलं, "दादा, जरा थांबा. पाइपाचं तोंड धुऊन घ्या, आणि यात औषध कुठं टाकलंय?"

"औषध न्हाई काकू, बोअरचं पाणी हाय, चांगलं गोड हाय."

नळीत टेस्ट केली. रंग काही आला नाही, पाणी जसंच्या तसं. रांगेतली माणसं चिडली, एकानं म्हटलंच, "सिस्टर, आधी भरू द्या, तपासणी मागनं करा." त्यांचं चुकलं नव्हतं. चार दिवस घशाला कोरड असलेल्या माणसाला टेस्टचं काय सांगणार? शेवटी असं ठरवलं की पाणी भरू द्यायचं आणि प्रत्येकाच्या भांड्यात औषध मी टाकायचं. त्या दिवशी माझ्याकडं आरोग्य केंद्रातल्या जुन्या सहकारी मैत्रिणीनं पाठवलेल्या मेडिक्लोरच्या बाटल्या होत्या. दोन तास उभी राहून घागरी, बादल्या, कळश्या, डबे, जे येईल त्यात थेंब टाकत राहिले. चालकानं पुढच्या फेरीला पाइपाच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून आणली आणि सरळ माझ्याकडं बघून म्हणाला, "बघा काकू, बांधलंय." त्याच्याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

त्या दोन तासांनी माझं मत पक्कं केलं. शहरापर्यंत पाणी आणणं अवघड आहेच, पण ते आपल्याला येतं. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. केवढं मोठं काम होतं ते. तरी तिथंही पाणी उतरवून, शुद्ध करून, टँकरनं वस्तीवर न्यावं लागलं आणि लोकांनी ते घागरीतच घेतलं. टँकरच्या पाइपापासून आपल्या पेल्यापर्यंतचे जे शेवटचे शंभर फूट असतात, त्यात पाणी सगळ्यात जास्त बिघडतं. शहराच्या आपत्ती आराखड्यात किती टँकर, किती लिटर हे लिहिलेलं असतं. मला त्यात पुढचंही लिहिलेलं हवं आहे.

म्हणजे नेमकं काय, ते सांगते. टँकरमध्ये औषध भरतानाच पडावं. 33 टक्के क्लोरीन असलेली ताजी टीसीएल पावडर हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबानं, पाच हजारांच्या टँकरला पंचवीस ग्रॅम. बादलीत लगदा करायचा, पाणी घालून ढवळायचं, चुना तळाला बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी तेवढं टँकरमध्ये ओतायचं. टँकर धक्के खात येतो, पाणी आपोआप ढवळलं जातं, अर्धा तास वाटेतच होतो. गावात जलसुरक्षक हे काम रोज करतात, शहरात का होऊ नये? दुसरं, टँकरमधून थेट घागरीत पाणी सोडू नये. चौकाचौकात उंच कट्ट्यावर पाच हजार लिटरची टाकी ठेवून तिला सहा-आठ तोट्या लावाव्यात, टँकरनं टाकी भरून निघून जावं. आपत्तीत मदत करणाऱ्या संस्था स्फिअर नावाची मानकं पाळतात. त्यात माणशी दिवसाला किमान पंधरा लिटर, एका नळामागं अडीचशे माणसं, घरापासून जास्तीत जास्त पाचशे मीटर आणि रांगेत अर्ध्या तासाहून जास्त थांबायला लागू नये, असं धरलेलं आहे. आमच्या कोपऱ्यावर साठ-सत्तर घरांमागं एक पाइप होता आणि माणसं दोन-दोन तास उभी होती. म्हातारी माणसं रांगेत उभी राहू शकत नाहीत म्हणून ती कमी पाणी पितात. हे मी बघितलंय. सासूबाईंनीसुद्धा त्या दिवसांत "मला तहान नाही" म्हणायला सुरुवात केली होती.

पंधरा लिटरमध्ये आंघोळ, भांडी सगळं आलं. नुसतं पिण्याचं धरलं तर माणशी तीन लिटर. आम्ही एरवी घरात सहा जण, म्हणजे दिवसाला अठरा लिटर, जवळपास एक कॅन. सहा कॅन म्हणजे सहा दिवस. पाहुणे आले तर तीन दिवस. पिण्याचं पाणी वेगळं ठेवलं की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी संडासाला, भांड्यांना वापरताना जीव धाकधुकीत राहत नाही. 2021 मध्ये आमच्याकडं दोनच कॅन होते, तरी पहिले दोन दिवस किती शांत गेले म्हणून सांगू.

जमिनीखाली टाकी असलेल्यांसाठी एक. पुराचं पाणी तिच्यात शिरलं असेल तर नुसतं उपसून नवं पाणी भरू नका. पूर्ण रिकामी करा, भिंती घासा, मग स्वच्छ पाणी भरून हजार लिटरला दीडशे ग्रॅम टीसीएल टाका आणि चोवीस तास ठेवा. ते पाणी सगळं काढून टाका, प्यायचं नाही, त्यानंतर पिण्याचं भरा. आत उतरणारा माणूस एकटा नको, वर एक जण उभा पाहिजेच, आणि तिथं मोटार चालवायची तर पेट्रोल-डिझेलची नको.

सूनबाईच्या थेट पाइपलाइनबद्दल. काळम्मावाडी धरणाचं पाणी 2023 च्या दिवाळीत शहरात आलं, पन्नासहून अधिक किलोमीटर वाट कापून. आम्ही सगळ्यांनी त्याची वर्षानुवर्षं वाट पाहिली होती आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण तिथंही पंप आहेत, पंपाला वीज लागते, आणि पुरात विजेचे खांब पडतात. तेव्हा माझे कॅन जिन्याखालीच राहतील.

ते कधी भरायचे हे विचारणं राहिलंच होतं, म्हणून ती काल परत आली. महापालिकेची "पाणी जपून वापरा" ही सूचना येते तोवर सगळं शहर एकदम नळ सोडतं आणि वरच्या मजल्यावर धार येत नाही. मी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघते. 39 ची वाट बघत नाही. 35 फूट झालं आणि वर राधानगरीकडं पाऊस चालू असला की भरायला घेते. 2021 मध्ये एका दिवसरात्रीत पाणी जसं चढलं ते बघितल्यावर चार फुटांचं अंतरसुद्धा मला कमीच वाटतं. पूर आला नाही तर ते पाणी झाडांना जातं, कॅन परत वाळतात. तिला मी दोन जास्तीची वॉशर आणि गोळ्यांची एक पट्टी दिली. जाताना तिनं दुकानाचा पत्ता लिहून घेतला आणि विचारलं, "वीसचे घेऊ का दहाचे?" तिच्या घरी सासरे गुडघ्यानं अधू आहेत आणि नवरा रात्रपाळीला असतो. मी दहाचे सांगितले. दहाला अर्धी गोळी पुरते, पण अंधारात ती नीट मोडत बसायला नको, म्हणून दुकानात 33 मिलिग्रॅमचीच पट्टी माग म्हटलं. आणि मार्कर माझ्याकडून नेला.